ऊर्जा-प्रतिमानांची परिभाषा : एक परीक्षण

१

नियोजनाच्या क्षेत्रात गणिती प्रतिमानांचा उपयोग आपल्या देशाला नवा नाही. दुसरी पंचवार्षिक योजना (१९५६–६१) प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रतिमानाच्या आधारे रचली गेली, हे अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. ऊर्जेपुरते बोलावयाचे, तर १९६५ च्या भारतीय ऊर्जा सर्वेक्षण समितीपासून २००६ साली किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखाली सिद्ध झालेल्या एकात्म ऊर्जा धोरणापर्यंत अंदाजांची एक अखंड परंपरा दिसते. मधल्या काळात पडलेला फरक असा, की जे हिशेब पूर्वी कागदावर होत ते आता संगणकाच्या आज्ञावली करतात. २०७० सालापर्यंत देशाचे निव्वळ कर्ब-उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केला. अशा दीर्घ मुदतीच्या संकल्पाची शक्याशक्यता पाहण्यास या आज्ञावलींवाचून दुसरे साधन नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

या प्रतिमानांवर जी टीका होते ती बहुधा अर्थशास्त्रज्ञांकडून किंवा अभियंत्यांकडून होते, आणि ती आकड्यांच्या अचूकपणापुरती असते. भाषेचा अभ्यासक तेथे फिरकत नाही. आपला त्या विषयाशी संबंध नाही अशी त्याची समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. कोणतेही ऊर्जा-प्रतिमान गणिताला प्रारंभ करण्यापूर्वी एक भाषिक कार्य उरकून घेते. जगातील वस्तू, माणसे आणि व्यवहार यांना ते नावे देते, त्यांचे वर्ग पाडते, आणि ज्याला नाव मिळाले नाही त्याला हिशेबाबाहेर ठेवते. समीकरणे पुढे जे सांगतात ते या नामकरणाच्या मर्यादेतच सांगतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे, की ऊर्जा-प्रतिमानातील निर्णायक क्रिया गणनेच्या पूर्वीच, म्हणजे संज्ञा निश्चित करताना, घडून गेलेली असते. आणि ती संज्ञा ज्या लोकांविषयी असते त्यांच्या भाषेत तिची उलटतपासणी झाल्याखेरीज प्रतिमानाचे निष्कर्ष धोरणाला आधारभूत मानणे धोक्याचे आहे.

या परीक्षणासाठी दोन कृती प्रामुख्याने निवडल्या आहेत. पहिली ‘भारतीय ऊर्जा सुरक्षा परिदृश्ये २०४७’ ही होय. ती २०१४ साली नियोजन आयोगाने प्रसिद्ध केली. पुढे नीती आयोगाने २०१५ मध्ये तिची दुसरी व २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती काढली. दुसरी कृती पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने २०२१ मध्ये खुली केलेली ‘रूमी’ ही आज्ञावली आणि तिच्यावर बेतलेले ‘पिअर’ हे भारताचे प्रतिमान. या दोहोंकडे चार शब्दांच्या द्वारे पाहावयाचे आहे : मागणी, प्रयत्न, क्षमता आणि पडीक.

२

‘मागणी’ हा शब्द प्रथम घेऊ. मराठीत ‘मागणे’ या क्रियापदाला कर्ता लागतो, मागितलेली वस्तू लागते, आणि जिच्यापाशी मागावयाचे अशी दुसरी व्यक्तीही लागते. मुलीला मागणी घालणे या प्रयोगात हे तिन्ही घटक स्पष्ट दिसतात. प्रतिमानाच्या भाषेत मात्र मागणी स्वयंभू होते. ‘मागणी वाढते’ हे वाक्य रूपाने कर्तरी असले, तरी त्यामागील कल्पना ‘उजाडते’, ‘सांजावते’ या भावकर्तृक क्रियापदांच्या जातीची असते. उजाडण्याला कोणी जबाबदार नसतो. तसेच मागणी वाढण्यालाही कोणी जबाबदार नाही, असा भास निर्माण होतो.

या भासाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. दाभोळच्या वीजप्रकल्पाचा करार १९९३ मध्ये झाला. हा प्रकल्प परवडणारा नाही व त्याची वीज स्वस्त कोळशाच्या विजेला बाजूस सारील, अशा कारणांनी जागतिक बँकेने त्याच वर्षी त्यास अर्थसाह्य नाकारले होते. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ साली ‘प्रयास’तर्फे या कराराचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केले. तरीही वाढत्या मागणीचा आलेख पुढे करून प्रकल्पाचे समर्थन होत राहिले. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबविले. वीज घेतली न घेतली तरी स्थिर आकार देण्याचे बंधन करारात असल्यामुळे जी ‘मागणी’ प्रत्यक्षात उगवली नाही तिचेही देणे राज्यावर आले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये या प्रकरणाचा आढावा घेतला, तेव्हा मागणीचे अंदाज फुगीर होते ही गोष्ट तीत पुढे आली.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या कर्नाटकात घडले. त्या राज्याच्या वीजप्रकल्पांची दीर्घ मुदतीची योजना १९८७ मध्ये तयार झाली. अमूल्य रेड्डी व त्यांच्या बंगलोर येथील सहकाऱ्यांनी तिला पर्यायी अशी पद्धती मांडली. लोकांना युनिटे नको असतात. त्यांना उजेड, शिजलेले अन्न, उपसलेले पाणी हवे असते, ही त्या पद्धतीची आधारशिला होती. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर रेड्डींनी ‘मागणी’ या नामाला पुन्हा क्रियापदांत विरघळविले. उजळणे, शिजविणे, उपसणे ही क्रियापदे आली की कोण, कशासाठी, किती हे प्रश्न आपोआप येतात. त्यांच्या हिशेबाने इ. स. २००० साठी लागणारी वीज अधिकृत योजनेतील आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरली. गणित दोन्हीकडे प्राथमिकच होते; अंतर पडले ते पहिल्या संज्ञेत.

‘मागणी’ या एका शब्दात आपल्याकडे तीन निरनिराळे अर्थ कोंबले जातात : गरज, वापर आणि मागणी. ज्याच्या घरी वीज नाही त्याची गरज असते, परंतु प्रतिमानात ती शून्य दिसते. ज्याच्या शेतीपंपाला मीटर नाही त्याचा वापर असतो, पण तो मोजला जात नाही, अंदाजिला जातो. हा दुसरा प्रकार खानदेशातील वाचकाला अधिक परिचयाचा आहे. मीटर नसलेल्या पंपाची आकारणी अश्वशक्तीवर होते. वापराचा आकडा अशा प्रकारे अंदाजाने ठरला, की एकूण पुरविलेल्या विजेतून मोजलेला व अंदाजिलेला वापर वजा जाता जे उरते त्याला ‘गळती’ म्हणतात. म्हणजे शेतीचा अंदाज जितका वाढवावा तितकी गळती कमी दिसते. संत व दीक्षित यांनी १९९० च्या दशकातच महाराष्ट्रातील शेतीपंपांच्या आकड्यांची चिकित्सा केली होती. कांद्याला रात्री पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर कोणा दुसऱ्याची वीजचोरी किंवा तारांतील तूट जमा होत असेल, तर तो आकडा पुढील वीस वर्षांच्या प्रतिमानात ‘शेतीची मागणी’ म्हणून स्थिर होतो, आणि अनुदानावरच्या वादात त्याच शेतकऱ्यावर उलटतो. गणित येथे निर्दोष असू शकते. दोष संज्ञेत असतो.

३

दुसरा शब्द ‘प्रयत्न’. नीती आयोगाच्या प्रतिमानाची रचना ब्रिटनमध्ये डेव्हिड मॅके यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘२०५० गणका’वरून घेतलेली आहे. वापरणाऱ्याने प्रत्येक क्षेत्रासाठी चार पायऱ्यांपैकी एक निवडावयाची आणि परिणाम पाहावयाचा. या प्रतिमानाने धोरणाचा विषय तज्ज्ञांच्या दालनातून बाहेर आणला, ही त्याची कामगिरी कमी लेखण्याजोगी नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीदेखील ते हाताळून पाहू शकतो, आणि एका निवडीचा दुसरीवर काय परिणाम होतो हे त्याला कळते.

तथापि या चार पायऱ्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. मराठीत ती अशी होतील : न्यूनतम प्रयत्न, निर्धारपूर्वक प्रयत्न, आक्रमक प्रयत्न आणि वीरोचित प्रयत्न. ही नावे केवळ क्रम दाखवीत नाहीत. ती स्तुती आणि निंदा करतात. पहिल्या पायरीवर थांबणारा आळशी आणि चौथीवर चढणारा वीर, असा न्याय आकडा दिसण्यापूर्वीच झालेला असतो. एक, दोन, तीन, चार असे अंक तेथे पुरेसे होते. विशेषणे आली तेथे मूल्ये आली, आणि ती मूल्ये उघडपणे चर्चेला आलेली नाहीत.

याहून महत्त्वाचा प्रश्न कर्त्याचा आहे. हा प्रयत्न कोणाचा? सौर वीज वाढविण्याच्या बाबतीत वीरोचित प्रयत्न म्हणजे अधिक पॅनेले, अधिक तारमार्ग आणि अधिक जमीन. पॅनेल बसविणारी कंपनी, कर्ज देणारी बँक, परवानगी देणारा अधिकारी आणि जमीन सोडणारे कुटुंब या चौघांचा त्यात वाटा आहे. पहिल्या तिघांना त्याबद्दल परतफेड, व्याज किंवा वेतन मिळते. चौथ्याच्या वाट्याला जे येते त्याला प्रयत्न म्हणावे की त्याग, याचा निर्णय ‘प्रयत्न’ हा कर्तृहीन शब्द होऊ देत नाही. ज्या युद्धात वीर एक आणि जखमी दुसराच, त्याचे वर्णन वीररसात करणे औचित्याला धरून नाही. प्रतिमानात जमिनीचा व पाण्याचा हिशेब निष्पन्न म्हणून दाखविला जातो, हे खरे. परंतु तो परिणामांच्या स्तंभात येतो, प्रयत्नांच्या स्तंभात येत नाही. ही मांडणीच एक विधान करते.

४

तिसऱ्या शब्दाकडे, म्हणजे ‘क्षमते’कडे वळताना साक्री तालुक्यातील उदाहरणे हाताशी आहेत. पिंपळनेरच्या परिसरात राहणाऱ्या कोणालाही ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या परिचित आहेत. देशातील मोठ्या पवनक्षेत्रांच्या याद्यांत ब्राह्मणवेलची क्षमता ५२८ मेगावॅट अशी दिलेली आढळते. याच तालुक्यात शिवाजीनगर येथे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. जर्मनीच्या ‘केएफडब्ल्यू’ या विकास-बँकेने त्यास कर्ज दिले.

क्षमता हे शक्यार्थी पद आहे. ‘त्याला दहा मैल चालवते’ आणि ‘तो दहा मैल चालतो’ यांत जो भेद, तोच क्षमता आणि निर्मिती यांत आहे. १२५ मेगावॅटचा प्रकल्प वर्षभर रात्रंदिवस पूर्ण शक्तीने चालला, तर सुमारे १०९ कोटी युनिटे होतील. सूर्य मावळतो, ढग येतात, धूळ बसते. सौर प्रकल्प वर्षाकाठी आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज देतो असे धरल्यास हा आकडा २२ कोटींच्या जवळ येतो. हे उदाहरण हिशेबाची रीत समजण्यापुरते आहे. प्रकल्पाच्या प्रत्यक्ष उत्पादनाची नोंद म्हणून ते घेऊ नये.

हा भेद तज्ज्ञांना पूर्णपणे ठाऊक असतो, आणि चांगल्या प्रतिमानात तो नीट पाळलाही जातो. अडचण येते ती प्रतिमानातून धोरणाच्या भाषेत उतरताना. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने हवामान करारांतर्गत जी उद्दिष्टे सुधारून दिली, त्यांत २०३० पर्यंत विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म-इंधनेतर साधनांची असावी असे म्हटले होते. हा टप्पा २०२५ मध्येच गाठला गेला. बातमी आनंदाची आहे. परंतु तीवरून ‘निम्मी वीज स्वच्छ झाली’ असा अर्थ काढणारे लेख व भाषणे मराठीत सहज आढळतात. प्रत्यक्षात देशातील निम्म्याहून बरीच अधिक वीज अद्याप कोळशापासूनच निर्माण होते. शक्यार्थ आणि निश्चयार्थ यांची ही गल्लत व्याकरणाच्या शिक्षकाने वर्गात खपवून घेतली नसती. पर्यावरण-नीतीच्या चर्चेत मात्र ती खपते.

५

चौथा शब्द ‘पडीक’ हा सर्वांत गंभीर. सौर व पवन ऊर्जेच्या प्रत्येक प्रतिमानाला जमीन लागते, आणि ती कोठून येईल याचे सोयीस्कर उत्तर ‘पडीक जमिनीतून’ असे असते. एक मेगावॅट सौर क्षमतेस साधारणतः दोन हेक्टर, असा ढोबळ नियम हिशेबात वापरतात. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने सिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात (२०१९) देशातील अशी जमीन सुमारे ५.५७ कोटी हेक्टर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या जवळजवळ १७ टक्के, दाखविली आहे. भागाकार केला की देशाला हवी तितकी वीज या जमिनीतून निघते असे दिसते, आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

तो सुटलेला नाही, याचे कारण त्या संग्रहाच्या वर्गीकरणातच आहे. त्यातील २३ वर्गांमध्ये खडकाळ भाग आणि बर्फाच्छादित प्रदेश यांच्या जोडीला झुडपी जमीन आहे, अवनत झालेली चराऊ कुरणे आहेत, आणि अधिसूचित वनांपैकी विरळ झालेला भागही आहे. ज्या जमिनीवर गुरे चरतात, जेथून सरपण येते, जेथे पावसाळ्यात रानभाजी मिळते, ती जमीन उपग्रहाच्या दृष्टीने पडीक ठरू शकते. उपग्रह वनस्पतींचे आच्छादन पाहतो; वहिवाट त्याला दिसत नाही.

आपल्या महसुली परिभाषेत या बाबतीत कितीतरी अधिक विवेक आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर पोटखराब्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग असतात : पहिला लागवडीस अयोग्य म्हणून, दुसरा रस्ता, नाला अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेला म्हणून. चालू पड निराळी आणि कायम पड निराळी. गायरान निराळे आणि गावठाण निराळे. लोकभाषेत याखेरीज माळ, बरड असे जमिनीच्या पोतावरून पडलेले शब्द आहेत. यांतील प्रत्येक शब्द जमिनीबरोबर एखादा हक्क, एखादी रूढी किंवा एखादा उपयोग सांगतो. ‘पडीक’ हा एकच शब्द या सर्वांवरून फिरतो, तेव्हा जमीन समतल होत नाही. हक्क मात्र होतात.

ही केवळ शब्दांची बाब नाही, हे साक्री तालुक्याने पाहिले आहे. ब्राह्मणवेलच्या परिसरातील काही पवनचक्क्या वनजमिनीवर उभ्या राहिल्या. पुढे वनहक्क अधिनियम, २००६ आला आणि या भागातील आदिवासी कुटुंबांनी वनजमिनीवरील आपले दावे सांगितले. एकच डोंगर एका दप्तरात वन होता, दुसऱ्यात पवनक्षेत्र होता, आणि तिसऱ्या, न लिहिलेल्या दप्तरात शेत होता. पवन-ऊर्जेच्या कोणत्याही राष्ट्रीय हिशेबात त्याचा फक्त दुसरा अर्थ शिल्लक राहिला.

जिल्ह्यातीलच दुसरे प्रकरण अधिक दारुण आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली आणि तिचा मोबदला सुमारे चार लाख रुपये ठरला. आपल्या जमिनीचे व तीवरील आंब्याच्या झाडांचे मोल योग्य रीतीने धरले गेले नाही, इतरांना मात्र कितीतरी अधिक मिळाले, ही त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते वर्षानुवर्षे फिरले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात प्राणांतिक मार्ग पत्करला व काही दिवसांनी त्यांचे निधन झाले. जिरायत की बागायत, झाडे धरावयाची की सोडावयाची, हा प्रश्न प्रतिमानाच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. खर्चाच्या स्तंभात जमिनीचा हेक्टरी सरासरी दर टाकला की काम भागते. परंतु त्या सरासरीच्या पोटात वर्गीकरणाचा जो निर्णय असतो, त्यावर एका माणसाचे जगणे अवलंबून असू शकते. प्रतिमानकारांनी हे कृत्य केले असे कोणी म्हणणार नाही. एवढेच म्हणता येईल, की ज्या भाषेत त्यांनी जमिनीचे वर्णन केले त्या भाषेत ही तक्रार मांडताच येत नाही.

६

या पार्श्वभूमीवर ‘रूमी’ आणि ‘पिअर’ यांचे मूल्यमापन करणे न्याय्य होईल. भाषिक दृष्टीने ही कृती इतरांहून पुष्कळच प्रगल्भ आहे, आणि तिची थोरवी तीन गोष्टींत आहे. एक, आज्ञावली आणि तिच्यातील गृहीते दोन्ही खुली आहेत. कोणताही आकडा कोठून आला हे वाचकास पडताळता येते. दोन, घरगुती मागणी ती एका सरासरी कुटुंबावरून काढीत नाही. राज्य, ग्रामीण वा नागर वस्ती आणि खर्चाचा पंचमांश अशी विभागणी करून काढते. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शाला तेथे स्वतंत्र नाव आहे. तीन, ऊर्जेच्या सेवेपासून ती प्रारंभ करते. रेड्डींच्या परंपरेशी तिचे नाते येथे स्पष्ट होते. मागणीची बाजू प्रथम निश्चित करावयाची आणि मग ती कमीत कमी एकूण खर्चात भागविणारा पुरवठा शोधावयाचा, अशी तिची वाक्यरचना आहे.

मर्यादाही तीन आहेत. राज्याखालचा जिल्हा किंवा तालुका हा तेथे स्वतंत्र घटक नाही. साहजिकच मुंबईबाहेरचा सारा ग्रामीण महाराष्ट्र, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचे पिंपळनेर आणि तापीकाठचे चोपडा, एकाच नावाखाली येतात. दुसरी मर्यादा प्रतिमानाची कमी आणि त्याला मिळणाऱ्या सामग्रीची अधिक आहे. स्वयंपाकाच्या इंधनाविषयी आपल्या मोठ्या पाहण्यांत ‘मुख्य इंधन कोणते?’ असा एकवचनी प्रश्न विचारला जातो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर असंख्य घरांत गॅस आला, परंतु चूल विझली नाही. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, पावसाळ्यात गॅस आणि कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या, असा संसार चालतो. प्रश्न एकवचनी असल्यामुळे उत्तरही एकवचनी येते, आणि चुलीचा धूर व सरपण आणणाऱ्या बाईचे श्रम दोन्ही आकड्यांतून निसटतात. जुन्या अहवालांत या इंधनांना ‘बिगर-व्यापारी ऊर्जा’ म्हणत. जे विकत घेतले नाही ते नकाराने ओळखावयाचे, ही सवय त्या नावातच होती. नाव मागे पडले तरी सवय गेलेली नाही.

तिसरी मर्यादा सर्वांना समान आहे. ही खुली कृती खुली आहे ती इंग्रजी जाणणाऱ्याला. तिच्या गृहीतांची यादी मराठीत नाही. दार उघडे असूनही उंबरठा इतका उंच आहे, की ज्यांच्याविषयी हे लिखाण आहे ते आत येऊ शकत नाहीत.

७

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो बलवान आहे. राष्ट्रीय प्रतिमानाला सामान्यीकरण करावेच लागते. प्रत्येक बांधावरचे झाड मोजत बसले तर हिशेब कधीच पुरा होणार नाही. आणि हवामानाचे संकट थांबून राहणार नाही. दुष्काळ, अवकाळी पाऊस आणि गारपीट यांचा मार सोसणारा शेतकरीच कोळशापासून मुक्तीची सर्वांत अधिक वाट पाहतो. मग शब्दांच्या काथ्याकुटाने हे कार्य मंदावत नाही काय?

सामान्यीकरण टाळावे, असे येथे म्हणावयाचे नाही. भाषाही सामान्यीकरणाखेरीज चालत नाही. ‘झाड’ हा शब्द उच्चारताना आपण प्रत्येक पान सोडून देतो. प्रश्न असा आहे, की सोडून दिलेल्या गोष्टीला परत बोलावण्याची सोय आहे की नाही. याचा एक जुना नमुना पांझरेच्या काठीच उपलब्ध आहे. या नदीवर शेकडो वर्षे चाललेली फड-पद्धती हेही एक नियोजनाचे प्रतिमान होते. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडावयाचे, कोणत्या फडात कोणते पीक हे एकत्र बसून ठरवावयाचे, पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सोडून द्यावयाचा. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे, त्यामुळे टंचाईचा भार एकट्यावर पडत नसे. पाटकरी, हवालदार, जागल्या या पदांची नावे आणि कामे सर्वांना माहीत असत. या पद्धतीचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. ज्याला जमीन नव्हती त्याला तेथे शब्द नव्हता, आणि धरणे व नगदी पिके आल्यावर ती बव्हंशी मोडली. परंतु तिच्यातील प्रत्येक संज्ञा ज्याला लागू होई त्याच्या तोंडी होती. नियम चुकला तर ‘चुकला’ असे म्हणण्याचे साधन त्याच्यापाशी होते. आजच्या प्रतिमानांची गणनशक्ती त्या पद्धतीच्या लक्षपट आहे. हे एक साधन मात्र त्यांच्यापाशी नाही.

यास्तव ऊर्जा-प्रतिमानाच्या परीक्षणासाठी तीन साध्या कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली : प्रतिमानातील प्रत्येक प्रमुख नामाचे क्रियापद करून पाहावे आणि त्याला कर्ता सापडतो काय हे तपासावे. मागणी कोण करतो, प्रयत्न कोण करतो, जमीन कोण सोडतो? दुसरी : प्रत्येक वर्गनामाखाली कोणकोणते स्थानिक शब्द गडप झाले याची सूची असावी. ‘पडीक’ या वर्गात गायरान, कायम पड, झुडपी वन यांतील काय काय धरले, हे एका कोष्टकात सांगणे अवघड नाही. तिसरी : गृहीतांची यादी त्या त्या राज्याच्या भाषेत, ग्रामसभेत वाचून दाखविता येईल इतक्या स्पष्टपणे उपलब्ध असावी. वनहक्क अधिनियमाने ग्रामसभेला जो अधिकार दिला आहे, तो तिला न समजणाऱ्या भाषेतील कागदावर बजावता येत नाही.

यांतील तिसरे काम अभियंत्याचे नव्हे. ते आपल्या विभागांचे आहे. विद्यापीठीय परिभाषा-निर्मितीचा आपला अनुभव दांडगा आहे, पण तो बहुतांशी पाठ्यपुस्तकांसाठी खर्च झाला. इंग्रजी संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द दिला की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानीत आलो. ऊर्जेच्या बाबतीत उलट दिशेने जाण्याची गरज आहे : सात-बारा, बाजार, चूल आणि विहीर यांच्या भोवती जे शब्द अहिराणीत, कोकणीत, भिल्लीत आणि मराठीत वावरत आहेत, ते गोळा करून त्यांतील अर्थभेद प्रतिमानकारांपुढे ठेवावयाचे. एम. ए. च्या एखाद्या विद्यार्थ्याने साक्री तालुक्यातील जमिनीच्या नावांचा असा कोश आपल्या प्रबंधिकेसाठी घेतला, तर तो बोलीविज्ञानाचा चांगला अभ्यास होईल, आणि पुढे येणाऱ्या सौर प्रकल्पाच्या जमिनीवर वाद उद्भवेल तेव्हा त्या कोशाला केवळ ग्रंथालयात पडून राहावे लागणार नाही.